चार्ज द्यायला शिका

मागच्या महिन्यात कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर फिरायला गेले होते. तिथं एक तरुण गटविकास अधिकारी भेटले. बदलून येऊन वर्ष व्हायला आलेलं. बाकावर बसता बसताच म्हणाले, "मॅडम, हाताखाली एवढी माणसं आहेत, पण निर्णय घेणारं एक नाही. सगळं माझ्यापर्यंत येतं. रजेवर गेलो तरी कार्यालय फोनवरच चालवतो. माणसं तयार कशी करायची?"

मी विचारलं, "शेवटचा चार्ज कधी दिलात?"

"गणपतीत. पाच दिवस. सगळ्यात ज्येष्ठ होते त्यांना."

"त्यांनी काय केलं?"

"चांगलं सांभाळलं की. महत्त्वाचं होतं ते सगळं मी येईपर्यंत थांबवून ठेवलं."

"मग तुम्ही चार्ज दिलाच नाही, साहेब. नुसत्या किल्ल्या दिल्या."

त्या बाकावर तासभर जे बोलले, तेच इथं जरा नीट लिहून काढते. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, तहसील, सरकारी दवाखाना, कुठंही चार माणसांचे प्रमुख असाल तर यातलं बरंचसं लागू पडेल.

माझी ओळख एवढीच. १९८७ साली वडिलांच्या जागी अनुकंपावर कारकून म्हणून लागले आणि ३१ मे २०२४ ला सहायक गटविकास अधिकारी म्हणून बाहेर पडले. (आमच्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं अमाप. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी ठोकून दिलेली तारीख. त्यामुळं दर ३१ मेला निम्मं कार्यालय हार घेऊन उभं असतं आणि निम्मं हार गळ्यात घालून.) मधली सव्वा वर्षं गटविकास अधिकाऱ्याचा प्रभार माझ्याकडं होता, कारण त्या जागेवर कुणी यायला तयार नव्हतं. माणूस कसा घडतो हे मला त्या सव्वा वर्षात कळलं. आधीची तीसेक वर्षं मी दुसऱ्यांचा चार्ज नुसती बघत होते.

आधी माणूस हेरा

नवीन ठिकाणी गेलात की पहिले पंधरा दिवस कुणाला काही नवीन सांगू नका. नस्त्या, म्हणजे फायली, वाचा, आणि वाचताना टिपणीचा शेवटचा परिच्छेद बघा. "प्रकरण आदेशार्थ सादर" एवढंच लिहून हात झटकणारा कोण आणि "अमुक नियमाप्रमाणे मान्यता देता येईल, मात्र तमुक कागद आधी मागवावा" असं स्वतःचं डोकं लावणारा कोण, हे आठ दिवसांत दिसतं. दुसऱ्या जातीची माणसं थोडी असतात. जी असतात ती बहुधा कोपऱ्यातल्या टेबलावर असतात, आणि त्यांचं अक्षर बरं नसतं.

मग पहिल्या जातीच्यांचं काय? त्यांना दुसऱ्या जातीत आणायचा माझा एकच उपाय होता, पेन्सिल. मताशिवाय टिपणी आली की सही न करता समासात लिहायचे, "तुमचं मत काय?" आणि नस्ती परत. पहिल्या महिन्यात लोक वैतागले. एक वरिष्ठ सहायक तर म्हणाले, "मॅडम, मत द्यायला आम्हाला पगार कुठं आहे?" मी म्हटलं, "मग अर्धा पगार कशाचा घेता?" दोन महिन्यांनी त्यांच्याच टिपण्या सगळ्यात वाचनीय झाल्या. थोड्या तिरकस असायच्या, पण वाचनीय.

एक पथ्य मात्र पाळा. मत मागायचं म्हणून नस्ती फिरवत बसू नका. बदल्यांच्या आणि विलंब प्रतिबंधाच्या २००५ च्या कायद्यात साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त नस्ती कुणी दाबून ठेवू नये असं स्पष्ट म्हटलंय, आणि ते तुम्हालाही लागू आहे. सकाळी परत पाठवली की संध्याकाळपर्यंत मतासकट परत आली पाहिजे.

माणूस हेरायची दुसरी जागा म्हणजे शिपाई मामा. त्यांना विचारा, "मी नसताना गावाकडची माणसं कुणाच्या टेबलाजवळ थांबतात?" हुद्दा विचारू नका, टेबल विचारा. मला असं कळलेलं पहिलं टेबल पेन्शनचं होतं. तिथला पोरगा नोकरीत नवखा होता, जेमतेम तिसरं वर्ष. पण निवृत्त शिक्षकांना कागद कमी पडला की पत्र न पाठवता स्वतः फोन करायचा आणि कागद कुठल्या कार्यालयात, कुठल्या खिडकीत मिळेल तेही सांगायचा. कार्यालयात त्याला सगळे "लई शहाणा" म्हणायचे. कोल्हापुरात या शब्दाचे दोन अर्थ होतात. मी दुसरा घेतला.

जो मोठ्यानं बोलतो, साहेबांच्या गाडीचं दार उघडतो, सभेत पहिल्या खुर्चीत बसतो, त्याला लगेच बाजूला काढू नका, पण लगेच निवडूही नका. आणि हेही ध्यानात ठेवा की सगळ्यांना साहेब व्हायचं नसतं. माझ्याकडं एक लेखा विभागातले होते. कितीदा सांगितलं तरी पुढं यायला तयार नाहीत. "मला माझी रोकडवही बरी," म्हणायचे. त्यांची रोकडवही खरंच बरी होती. मी नाद सोडला.

चार्ज लेखी द्या, आणि छोटा द्या

आपल्याकडं चार्ज म्हणजे साहेब नसताना करायची गोष्ट. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. शिकवण्यासाठी द्यायचा चार्ज तुम्ही कार्यालयात हजर असताना द्या. पूर्ण खुर्चीचा नको, एका कामाचा द्या, पण काम खरं पाहिजे. चहापाण्याची व्यवस्था, हारतुरे, बॅनर ही कामं देऊन माणूस घडत नाही, फक्त दमतो.

मी दिलेली पहिली कामं सांगते. ग्रामसेवकांची पंधरवड्याची सभा चालवणं. पाच गावांची पाणीपट्टीची थकीत वसुली. पेन्शन प्रकरणांचं एक शिबिर, जागा ठरवण्यापासून शेवटचा कागद देण्यापर्यंत. एका डोंगराळ भागातल्या वाड्यांचा उन्हाळ्यातला टंचाईचा आराखडा. यातलं कुठलंही काम बिघडलं तरी तालुका बुडत नाही, पण बिघडलं की चार माणसं विचारायला मात्र येतात. ती विचारायला येणारी माणसं महत्त्वाची. त्यांच्याशिवाय कुणी शिकत नाही.

आदेश एका पानाचा काढायचा. त्यात पाच गोष्टी पाहिजेत: काम कोणतं, कधीपर्यंत, कोणकोणते निर्णय तुम्ही मला न विचारता घ्यायचे, कोणता निर्णय विचारून घ्यायचा, आणि कार्यालयातल्या कुणी कुणी तुम्हाला मदत करायची. तिसरी ओळ बहुतेक साहेब लिहीतच नाहीत. "आवश्यक ती कार्यवाही करावी" असं मोघम लिहितात. मोघम आदेशात शहाणा माणूस काहीच करत नाही, कारण अंगावर येईल हे त्याला माहीत असतं. मी शिबिराच्या आदेशात लिहिलं होतं: "शिबिराचा दिवस, जागा, येणाऱ्या प्रकरणांचा क्रम आणि इतर टेबलांवरील कर्मचाऱ्यांची त्या दिवसापुरती नेमणूक याबाबत आपण निर्णय घ्यावा. मला फक्त कळवावे." त्या "कळवावे" शब्दावर आमच्या आस्थापनेच्या टेबलानं दोन दिवस खल केला. कनिष्ठानं वरिष्ठाची नेमणूक करायची म्हणजे काय? मी म्हटलं, सही माझी आहे, तुम्ही जावक क्रमांक घाला.

इथं एक कुंपण आहे, ते ओलांडू नका. कायद्यानं तुमच्या पदाला दिलेले अधिकार तोंडी कुणाला देता येत नाहीत. पैसे काढायची सही, सुनावणी, माहिती अधिकारातलं पहिलं अपील, सेवा हमी कायद्यात ज्याचं पद नमूद आहे त्याचा निर्णय, हे ज्याचं त्यानंच करायचं. पण सुनावणीला पोराला शेजारी बसवून नंतर "तू काय निकाल दिला असतास?" असं विचारायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नाही. मी निकाल लिहिण्याआधी त्याचा निकाल एका चिठ्ठीवर लिहून घ्यायचे आणि घडी घालून ठेवायचे. माझा लिहून झाला की दोन्ही उघडायचे. दोनदा त्याचा बरोबर निघाला. माझ्या निकालावर अजून सही व्हायची होती म्हणून बरं झालं.

आता सगळ्यात अवघड भाग. त्यानं सभा घेतली की तुम्ही मागच्या रांगेत बसायचं आणि गप्प राहायचं. मला पहिल्यांदा हे जमलंच नाही. एका ग्रामसेवकानं घरपट्टीचं जुनंच रडगाणं सुरू केलं. चार्जवरची मुलगी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात मी मागून बोलले. खाडकन चाळीस माना वळल्या आणि पुढची तासभर सभा माझ्याकडं तोंड करून झाली. ती बिचारी पुढं उभी, हातात खडू. तेव्हापासून मी सभेला जाताना जयसिंगपूरच्या भडंगाची पुडी न्यायचे. तोंडात घास असला की बोलता येत नाही.

२०१९ आणि २०२१

हे सगळं मी पुस्तकात वाचून करत नव्हते. एकदा तोंडावर आपटले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी पूरपट्ट्यातल्या एका पंचायत समितीत होते. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. नृसिंहवाडीच्या संगमाकडं बघितलं तर नद्या दोन आहेत हे सांगावं लागलं असतं. अशा वेळी मी काय केलं? सगळे निर्णय स्वतःकडं ठेवले. निवारा कुठं, जेवण कोण देणार, कुठल्या गाडीत डिझेल, सगळं मला विचारा. वाटायचं, जबाबदारी घेतेय.

दुसऱ्या दिवशी मी एका गावात अडकले आणि फोनची रेंज गेली. तिकडं साखर कारखान्याच्या आवारातल्या निवाऱ्यात तीनशेच्या वर माणसं आणि त्यांची जनावरं. पुरात माणूस बाहेर येतो तो म्हशीसकट येतो, नाहीतर येतच नाही. पहिल्यांदा वैरण लागते, मग भाकरी. निवाऱ्यावरच्या विस्तार अधिकाऱ्याला शेजारच्या गावातला एकजण ओला चारा द्यायला तयार होता, फक्त पैसे नंतर देऊ असं कुणीतरी सांगायला हवं होतं. तो मला फोन लावत राहिला. सकाळी साडेआठ ते दुपारी अडीच. जनावरं हंबरत होती आणि माणसं त्याच्याकडं बघत होती. त्याची चूक नव्हती. "मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही" हे वाक्य माझं होतं.

पूर ओसरल्यावर तो माझ्या केबिनमध्ये आला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं फक्त त्या दिवसाची कॉललिस्ट दाखवली. सत्तेचाळीस फोन.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तेच पाणी आलं, तेवढंच मोठं. तोवर आम्ही जूनमध्येच एक कागद केला होता. पाच निवारे, पाच माणसं. प्रत्येकाच्या नावासमोर लिहिलेलं: चारा, दूध, वाहन, औषधं यांची सोय जागेवर ठरवा, किती मर्यादेपर्यंत ते, आणि रात्री नऊला एक निरोप. मर्यादा आधीच लेखाकडून तपासून, वरून मान्य करून घेतलेली. ती पाच माणसं हुद्द्यानं निवडली नव्हती. त्यातली एक अंगणवाडी पर्यवेक्षिका होती, एक पशुधन पर्यवेक्षक, आणि एक तोच पेन्शनच्या टेबलावरचा, आता माझ्या नव्या कार्यालयात बदलून आलेला. त्याच्याहून ज्येष्ठ दोघं त्याच्या हाताखाली दिले. कुरकुर झाली. पाणी दारात आल्यावर थांबली.

तुमच्याकडं पूर नसेल. यात्रा असेल, निवडणूक असेल, साथ असेल, आषाढी असेल. तत्त्व तेच. ज्या दिवशी फोन लागणार नाही त्या दिवसासाठी माणूस आधीच्या जूनमध्ये तयार करायचा असतो. आणि कोरडा सराव एकदा तरी करून बघा. आम्ही मेमध्ये एक दिवस माझा फोन कपाटात कुलूपबंद केला आणि कार्यालय चालवलं. दुपारपर्यंत तीन गोष्टी अडल्या. त्या तिन्ही कागदात घातल्या.

चुकलं की बाहेर पाठीशी, आत समोरासमोर

१९९६ साली माझ्या टिपणीवर घेतलेला एक निर्णय अंगलट आला. भर बैठकीत तेव्हाचे साहेब म्हणाले, "ते कारकुनानं केलं." सही त्यांची होती. त्यानंतर तीन वर्षं मी एकाही नस्तीवर स्वतःचं मत लिहिलं नाही. "आदेशार्थ सादर." अगदी सुवाच्य अक्षरात. त्या माणसावर आता राग नाही, पण त्या तीन वर्षांवर आहे.

म्हणून क्रम ठरवून घ्या. पंचायत समितीच्या आमसभेत आमदारांसमोर, दोनशे माणसांत, तुमच्या माणसाची चूक निघाली की उठून म्हणायचं, "निर्णय माझ्या संमतीनं झालाय. दुरुस्ती आठ दिवसांत करतो." बस्स. खाली बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोलवून दार लावायचं आणि जे बोलायचं ते पदर खोचून बोलायचं. तिथं मऊ राहू नका. पाठीशी घालणं आणि पाठीशी उभं राहणं यात फरक आहे, आणि तो त्या बंद दाराआडच दिसतो. पैशाची गडबड असेल तर मात्र पाठीशी वगैरे काही नाही, सरळ चौकशी.

कौतुकाचं उलटं. ते बाहेर करा. वरच्या कार्यालयाला अहवाल जातो त्यात "या कार्यालयाने" ऐवजी माणसाचं नाव घाला. गोपनीय अहवाल, ज्याला आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात, तो वर्षातून एकदा मार्चअखेर घाईत सगळ्यांना "चांगला, मेहनती" लिहून उडवू नका. मी एकाला लिहिलं होतं: "पाच गावांची थकीत वसुली स्वतंत्रपणे केली. लोकांशी बोलणं उत्तम. लेखी काम उशिरा करतात, याची त्यांना कल्पना दिली आहे." तो आधी रुसला. पुढं पदोन्नतीच्या वेळी तेवढंच वाक्य कुणीतरी मोठ्यानं वाचलं म्हणे.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. पुण्याची यशदा ही प्रशिक्षण संस्था आहे, केंद्राच्या मिशन कर्मयोगीचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, आणि दोन्हीत शिकण्यासारखं असतं. फक्त माणूस परत आला की पंधरा दिवसांत त्याला त्याच विषयातलं एक काम द्या, नाहीतर प्रमाणपत्र सेवापुस्तकात आणि शिकलेलं हवेत. (पुण्याच्या एका प्रशिक्षणात मी "मी सांगतो, मी करतो" म्हणाले तर शेजारची बाई हसली. कोल्हापुरात आम्ही बायकाही अशाच बोलतो, बाई. मग आठवडाभर मी मुद्दाम तसंच बोललो.)

आणि टेबल आवरायला शिकवा. यात लाजायचं काही नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी आणि अभिलेखांची व्यवस्थाच बदलून टाकली. त्याला पुढं लखिना पॅटर्नच म्हणायला लागले. सुरुवात कपाटं आवरण्यापासून होती. ज्याला स्वतःच्या टेबलावरचे सहा गठ्ठे लावता येत नाहीत, त्याच्या हाती तालुका देऊ नये.

सरपंचबाईंना विसरू नका

लोकांनी निवडून दिलेली माणसंही तुमच्याच हातून शिकत असतात. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतराजमध्ये निम्म्या जागा महिलांच्या आहेत. जागा मिळाल्या, खुर्ची मात्र अजून कुठं कुठं नवऱ्याकडंच असते. यावर भाषणं खूप झालीत. मी करायचे ते सांगते.

सरपंच भेटायला आल्या आणि बरोबर आलेला नवरा बोलायला लागला की मी त्याला म्हणायचे, "दादा, बाहेर मामांकडं चहा घ्या जरा." भांडण नाही, अपमान नाही. चहा. मग सरपंचबाईंपुढं त्यांच्याच ग्रामपंचायतीची रोकडवही उघडायची. पैसे सरपंच आणि ग्रामसेवक (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) या दोघांच्या सहीनं निघतात, आणि वित्त आयोगाच्या निधीला तर डिजिटल सही लागते, ती पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. पहिला प्रश्न ठरलेला: "तुमचं डोंगल कुठंय?" दहातल्या सात जणींचं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असायचं. पहिला धडा म्हणजे ते डोंगल पर्समध्ये. दुसरा धडा म्हणजे महिन्याच्या रोकडवहीत एक अशी नोंद शोधायची, जी कळत नाही, आणि ग्रामसेवकाला विचारायची. एकच. प्रत्येक महिन्याला एक. वर्षभरात बारा नोंदी कळल्या की गावचा कारभार कळतो.

मासिक सभेआधी घरी मुद्दे मोठ्यानं वाचायचे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते, ती कागदावर उरकायची नाही, कारण तिथं बोलून झालं की दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत आवाज फुटतो. एक सरपंचबाई पहिल्या ग्रामसभेत "नमस्कार" म्हणून खाली बसल्या होत्या. विकास आराखड्याच्या सभेला त्यांनी रस्त्याचा निधी पाण्याच्या टाकीकडं वळवला आणि माईक सोडायलाच तयार नाहीत. नवरा मंडपाच्या मागं पाण्याचे जार उतरवत होता. त्याला आवडलं होतं की नाही, विचारलं नाही.

राखून ठेवलेला डाव

माझे वडील तरुणपणी गंगावेशीतल्या तालमीत जायचे. त्यांच्या तोंडी कायम असायचं, वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. कुस्तीत ते ठीक असेल. कार्यालयात मात्र असे वस्ताद मी पोत्यानं पाहिलेत. कुणी शासन निर्णयांची फाईल राखून ठेवतो, कुणी मंत्रालयातल्या कुणाचा तरी नंबर. निवृत्त झाल्यावरही फोन यावा म्हणून.

आणि हे ज्या गावात, तिथं शाहू महाराजांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १८८४ साली दत्तक आले, २ एप्रिल १८९४ ला कारभार हाती घेतला. मधली दहा वर्षं नुसती शिकण्यात गेली. राजकोट, मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली, देशभर प्रवास. राजाला दहा वर्षं दिली. आपण गटविकास अधिकाऱ्याला दहा दिवस देत नाही. पुढं त्याच महाराजांनी मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत, ज्यांना २९ वर्षंही पुरी झाली नव्हती अशा डॉ. आंबेडकरांना लोकांसमोर तुमचे पुढारी म्हणून पुढं केलं. स्वतः छत्रपती असून. तुमच्या कार्यालयातल्या २९ वर्षांच्या पोराला तुम्ही शेवटचं कुठल्या व्यासपीठावर पुढं केलंत, ते आठवून बघा.

"पण मी घडवायचा आणि मेमध्ये बदली होऊन तो दुसऱ्या तालुक्यात जायचा," असं ते रंकाळ्यावरचे साहेब म्हणाले. जाणारच. म्हणून एकाला नाही, नेहमी दोघांना तयार करायचं. आणि दुसऱ्या कुणीतरी घडवलेला तुमच्याकडं येतो तेव्हा तक्रार करत नाही ना तुम्ही?

निवृत्तीच्या आधी तीन महिने मी राखून ठेवलेलं सगळं काढून लिहायला घेतलं. कुठला शासन निर्णय कशासाठी लागतो, कुठल्या गावात कुणाशी आधी बोलायचं, कुठल्या पुलावर पाणी कधी येतं, पुरातल्या निवाऱ्यांचा सगळा बाडबिस्तरा. बावन्न पानं झाली. माझ्या जागी प्रभार घेणाऱ्या मुलीला, त्या खडूवालीलाच, प्रभार यादीबरोबर सहीनं दिली. म्हटलं, आता मला फोन करायचं कारण उरलं नाही.

दोन महिन्यांत, जुलैच्या शेवटी, पंचगंगेनं पुन्हा धोका पातळी ओलांडली. मी बातम्या बघत बसले होते. रात्री साडेदहाला तिचा फोन. निवारे सुरू झाले होते, चारा आला होता, माणसं जेवायला बसायची होती. आवाज शांत होता.

"मॅडम, बावन्न पानं चाळली. सगळं आहे. फक्त स्वयंपाकाची मोठी पातेली कुठं ठेवलीत ते नाही."

मी लिहायचंच विसरले होते. समाजमंदिराच्या माळ्यावर, किल्ली पोलीस पाटलांच्या घरी. तिनं फोनवरच त्रेपन्नावं पान लिहून घेतलं.